निकालाचे आकडे आणि निकालाचा अर्थ : नंदुरबार जिल्हा परिषद निवडणूक २०२० – एक चिकित्सा

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचे निकाल वाचण्याची एक ठरावीक पद्धत महाराष्ट्रात रूढ झालेली आहे. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘पक्षीय बलाबल’ या शीर्षकाखाली एक छोटी चौकट छापून येते. तीत पक्षांची नावे व त्यांपुढे जागांची संख्या असते. खाली एकूण बेरीज व बहुमताचा आकडा दिलेला असतो. वाचक, कार्यकर्ता, पदाधिकारी आणि पुष्कळदा राज्यशास्त्राचा अभ्यासकही या चौकटीलाच निकाल समजतो. नंदुरबार जिल्हा परिषदेसाठी ७ जानेवारी २०२० रोजी मतदान झाले व ८ जानेवारीस मतमोजणी झाली. त्या निवडणुकीची चौकट पुढीलप्रमाणे होती : काँग्रेस २३, भारतीय जनता पक्ष २३, शिवसेना ७, राष्ट्रवादी काँग्रेस ३, एकूण ५६, बहुमतासाठी २९.

हे आकडे बिनचूक आहेत, त्यांविषयी वाद नाही. मात्र त्यानंतरच्या पाच वर्षांत या परिषदेत जे घडले, त्यातील फारच थोड्या गोष्टींचा उलगडा या चौकटीतून होतो. निकाल हा मतदाराने दिलेला अंतिम कौल असतो, हे गृहीतक नंदुरबारच्या संदर्भात कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्थेची चौकट

वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर झालेल्या १९६१ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या आसपास असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. ग्रामीण भागात, म्हणजे प्रत्यक्ष जिल्हा परिषदेच्या कार्यक्षेत्रात, ते याहूनही अधिक भरते.

जिल्हा परिषदेचा मतदारविभाग ‘गट’ या नावाने आणि पंचायत समितीचा ‘गण’ या नावाने ओळखला जातो. एका गटात दोन गण असतात व मतदार एकाच वेळी दोन मते देतो. येथे भाषेचा एक गमतीदार योगायोग नोंदवण्यासारखा आहे. मराठीत ‘गट’ हा शब्द मतदारविभागासाठी वापरतात आणि पक्षांतर्गत तुकडीसाठीही वापरतात. नंदुरबारच्या राजकारणात हे दोन्ही अर्थ इतके एकमेकांत मिसळले आहेत, की ‘अमुक गट कोणाचा’ या प्रश्नाला उत्तर म्हणून पक्षाचे नाव येत नाही, माणसाचे किंवा घराचे नाव येते.

पक्षाचे नाव आणि माणसांचा प्रवास

चौकटीत भाजपपुढे २३ हा आकडा दिसतो. आदिवासीबहुल व दीर्घकाळ काँग्रेसचा गड मानल्या गेलेल्या जिल्ह्यात हा आकडा लक्षणीय आहे. माणिकराव गावित यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभापासून २०१४ पर्यंत नंदुरबार लोकसभा मतदारसंघाचे काँग्रेसच्या वतीने सलग प्रतिनिधित्व केले. हे लक्षात घेता २३ या आकड्याचे ‘विचारपरिवर्तन’ म्हणून वर्णन करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. डॉ. विजयकुमार गावित हे १९९५ मध्ये अपक्ष म्हणून विधानसभेत गेले, पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये आले, मंत्री झाले आणि २०१४ मध्ये भाजपमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी त्यांच्या कन्या डॉ. हीना गावित भाजपच्या उमेदवारीवर लोकसभेत निवडून आल्या. नेता पक्ष बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर गावोगावचे सरपंच, सोसायट्यांचे चेअरमन, शिक्षणसंस्थांतील कर्मचारी असा सारा गोतावळा स्थलांतरित होतो. २०२० मध्ये राष्ट्रवादीपुढे ३ हा आकडा दिसतो आणि भाजपपुढे २३ दिसतो, यामागे या स्थलांतराचा वाटा फार मोठा आहे.

शिवसेनेच्या ७ जागांनाही हेच लागू पडते. सातपुड्याच्या पायथ्याशी व तापीकाठी शिवसेनेचे काम पूर्वीपासून होते. परंतु ऑक्टोबर २०१९ मध्ये काँग्रेसचे ज्येष्ठ नेते चंद्रकांत रघुवंशी शिवसेनेत आले आणि अवघ्या तीन महिन्यांत जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. तेव्हा चौकटीतील चार पक्ष हे चार विचारांचे प्रतिनिधी आहेत असे समजून केलेले कोणतेही विश्लेषण पहिल्याच पायरीवर चुकते. येथे पक्षचिन्हाला महत्त्व नाही असे सुचवायचे नाही. चिन्हाशिवाय डोंगरपट्ट्यातील मतदारापर्यंत पोहोचणे कठीणच. पण चिन्हामागे चालणारा माणूस कोण, हे विचारल्याखेरीज चिन्हाचा अर्थ लागत नाही.

तोरणमाळचा निकाल

संपूर्ण निकालात सर्वाधिक बोलका निकाल अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ गटाचा होता. काँग्रेसचे ॲड. के. सी. पाडवी यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी महाविकास आघाडी सरकारमध्ये मंत्रिपदाची शपथ घेतली होती. आदिवासी विकास हे खाते आणि पुढे जिल्ह्याचे पालकमंत्रिपदही त्यांच्याकडे आले. शपथविधीला दहा दिवसही झाले नव्हते, तोच त्यांच्या पत्नी हेमलता पाडवी या तोरणमाळ गटात शिवसेनेच्या उमेदवाराकडून पराभूत झाल्या. राज्यात सत्तेत भागीदार असलेल्या पक्षाने मंत्र्याच्या घरातील उमेदवाराचा पराभव केला, याची त्या वेळी बातमी झाली. पण बातमीपलीकडे तिचा विचार झाला नाही.

तो करणे आवश्यक आहे. अक्राणीच्या डोंगरात पावरा व भिल समाजाची विखुरलेली वस्ती आहे. रस्ता, दवाखाना, शिक्षक, रेशन या बाबतींत या भागाच्या तक्रारी दशकानुदशके त्याच आहेत. याच तालुक्यातील व शेजारच्या अक्कलकुव्यातील नर्मदाकाठच्या गावांनी सरदार सरोवराच्या विस्थापनाविरुद्ध प्रदीर्घ लढा दिलेला आहे. अशा भागातील मतदाराने मंत्र्याच्या घराला नकार दिला, त्यामागे स्थानिक नाराजी असेल, उमेदवाराचा वैयक्तिक संपर्क असेल किंवा आणखी काही असेल. कारण काहीही असले तरी तो नकार होता, हे निश्चित. चौकटीत मात्र या नकाराची नोंद ‘शिवसेना ७’ यातील एक अशी झाली. पुढे शिवसेनेच्या पाठिंब्यानेच परिषदेचे अध्यक्षपद काँग्रेसकडे गेले. मतदाराने ज्या पक्षाच्या उमेदवाराला नाकारले, त्याच पक्षाच्या अध्यक्षपदासाठी त्याने निवडून दिलेल्या पक्षाचे बळ कामी आले. यात कोणताही नियमभंग नाही. आघाडीचे राजकारण असेच चालते. तथापि ‘जनतेचा कौल’ हा शब्दप्रयोग वापरताना तोरणमाळचा मतदार डोळ्यांसमोर ठेवला, तर तो शब्द इतक्या सहजपणे वापरता येणार नाही.

‘त्रिशंकू’ म्हणजे काय?

२३–२३ अशा निकालाला मराठी वृत्तपत्रांची भाषा ‘त्रिशंकू’ म्हणते. विश्वामित्राच्या कथेतील तो राजा स्वर्ग व पृथ्वी यांच्यामध्ये कायमचा लटकत राहिला. जिल्हा परिषदेत मात्र कोणी फार काळ लटकत नाही. काही दिवस सदस्य ‘सहली’ला जातात, परत येतात आणि अध्यक्षाची निवड होते. काँग्रेसच्या २३ व शिवसेनेच्या ७ यांची बेरीज ३० होते. म्हणजे २९ चा टप्पा राष्ट्रवादीच्या तिघांशिवायही ओलांडला जात होता. जानेवारी २०२० मध्ये काँग्रेसच्या ॲड. सीमा वळवी अध्यक्ष आणि शिवसेनेचे ॲड. राम रघुवंशी उपाध्यक्ष झाले. पहिल्या माजी मंत्री पद्माकर वळवी यांच्या कन्या, तर दुसरे चंद्रकांत रघुवंशी यांचे पुत्र.

महिला आरक्षणाचे टीकाकार अशा वेळी ‘घराण्यातील मुली’ असा शेरा मारून मोकळे होतात. तो शेरा अपुरा आणि काहीसा अन्यायकारकही आहे, कारण त्याच निवडीत उपाध्यक्षपदी आलेला तरुण प्रतिनिधीही घराण्यातूनच आला होता. घराणेशाहीचा प्रश्न महिला आरक्षणाने निर्माण केलेला नाही. तो आरक्षणाच्या आधीपासून आहे आणि पुरुषांच्या बाबतीत तो कोणाला फारसा खटकत नाही, इतकेच.

अशा विभागलेल्या निकालाची इंग्लंडमधील जिल्हा परिषदांच्या निकालांशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील ‘डिस्ट्रिक्ट’ हे आपल्या जिल्ह्यापेक्षा बरेच लहान, लोकसंख्येने आपल्या एखाद्या तालुक्याच्या जवळपास जाणारे क्षेत्र असते. १९७२ च्या कायद्याने घडवलेली ही रचना १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. तेथेही प्रभागातून सर्वाधिक मते मिळवणारे उमेदवार निवडून येतात आणि कोणत्याही पक्षाला बहुमत न मिळाल्यास निकालपत्रकात ‘एकूण नियंत्रण कोणाकडेही नाही’ अशा अर्थाचा शेरा लिहिला जातो. मराठी शब्द लटकण्याविषयी बोलतो, इंग्रजी शेरा नियंत्रणाविषयी. इंग्रजी शेऱ्यात एक प्रामाणिकपणा आहे : सत्ता कोणाची हे मतदाराने ठरवलेले नाही, ते आता सदस्य ठरवतील, अशी कबुली त्यात मिळते. अर्थात तेथील वाचनही निर्दोष नाही. मे महिन्यात या परिषदांचे निकाल लागले, की भाष्यकार त्यांवरून संपूर्ण देशातील पक्षांच्या मतांच्या टक्केवारीचा अंदाज बांधू लागतात. गावातील कचरा, घरबांधणीच्या परवानग्या, क्रीडांगणे यांसाठी दिलेले मत संसदेचे भवितव्य सांगणारे भाकीत बनते. स्थानिक निकालातील ‘स्थानिक’ गळून पडणे हा केवळ नंदुरबारचा किंवा मराठी पत्रकारितेचा दोष नव्हे.

अकरा गट

नंदुरबारच्या २०२० च्या निकालाला इंग्लंडमध्ये समांतर उदाहरण नाही, ते आरक्षणाच्या बाबतीत. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निर्णय दिला. १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १२ मधील नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठीचे २७ टक्के आरक्षण हे सरसकट लागू होणार नाही; अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व मागास प्रवर्ग यांचे एकत्रित आरक्षण ५० टक्क्यांच्या मर्यादेत बसेल तेवढ्यापुरतेच ते देता येईल, असा त्याचा आशय होता. या निर्णयाला २०१० च्या के. कृष्णमूर्ती प्रकरणातील घटनापीठाच्या निकालाचा आधार होता. त्या निकालाने पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत अनुसूचित जमातींच्या हितासाठी ५० टक्क्यांच्या मर्यादेला अपवाद मान्य केला होता. हा अपवाद मागास प्रवर्गासाठी नव्हता.

नंदुरबारमध्ये अनुसूचित जमातींच्या जागाच निम्म्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे मागास प्रवर्गासाठी राखीव असलेले सर्व ११ गट रिक्त झाले. ज्यांना मतदारांनी जानेवारी २०२० मध्ये निवडून दिले होते, त्यांचे सदस्यत्व चौदा महिन्यांत संपुष्टात आले. त्यांच्याविरुद्ध कोणताही आरोप नव्हता, त्यांच्या निवडणुकीविषयी कोणतीही तक्रार नव्हती. उपाध्यक्षांचा गटही त्यांत होता. जुलै २०२१ मध्ये ठरलेली पोटनिवडणूक करोनामुळे लांबणीवर पडली आणि अखेर ५ ऑक्टोबर २०२१ रोजी मतदान झाले. निकाल असा लागला : भाजप ४, काँग्रेस ३, शिवसेना ३, राष्ट्रवादी १. राम रघुवंशी कोपर्ली गटातून पुन्हा निवडून आले. परिषदेतील सत्ता बदलली नाही, म्हणून ‘महाविकास आघाडीने गड राखला’ असे मथळे आले व प्रकरण मिटले.

परंतु या पोटनिवडणुकीत एक वेगळीच प्रक्रिया घडत होती. रिक्त झालेले ११ गट आता सर्वसाधारण प्रवर्गाचे झाले होते. सर्वसाधारण याचा अर्थ ‘बिगर-आदिवासींसाठी’ असा नाही. तेथून कोणीही उभे राहू शकते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मात्र व्यवहारात हा शब्द पहिल्या अर्थाने समजला जातो. शहादा व नंदुरबार तालुक्यांच्या सपाटीवरील बिगर-आदिवासी शेतकरी समाजांना परिषदेत प्रवेशाची जी थोडी दारे उरतात, ती हीच. मागास प्रवर्गाचे आरक्षण रद्द झाल्याने ही दारे त्यांच्यासाठी बंद झाली नाहीत, पण राखीवही राहिली नाहीत. कोळदा गटातून डॉ. विजयकुमार गावित यांच्या कन्या डॉ. सुप्रिया गावित भाजपच्या वतीने निवडून आल्या. आदिवासी नेतृत्वाच्या पुढच्या पिढीने परिषदेत प्रवेश केला, तो न्यायालयाने ‘खुल्या’ केलेल्या गटातून. आदिवासी उमेदवाराला राखीव जागेबाहेरही मते मिळतात, असे याचे एक वाचन करता येईल व ते समाधानकारकही आहे. दुसरे वाचन असे, की एवढे बळ सामान्य आदिवासी कार्यकर्त्याच्या पाठीशी नसते. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी आहेत आणि त्यांपैकी एकच निवडण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर २०२२

जून २०२२ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले. ९ ऑगस्टला डॉ. विजयकुमार गावित मंत्री झाले व आदिवासी विकास खाते त्यांच्याकडे आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉ. सुप्रिया गावित नंदुरबार जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या.

येथे साधे अंकगणित करून पाहावे. २०२० मध्ये भाजपचे २३ सदस्य होते. त्यांपैकी एकही त्या अकरा रिक्त गटांतील नव्हता असे घटकाभर धरले आणि पोटनिवडणुकीतील ४ त्यांत मिळवले, तरी बेरीज २७ होते. सर्व ५६ सदस्य उपस्थित असता आवश्यक आकडा २९. म्हणजे भाजपला सर्वाधिक अनुकूल ठरेल असा हिशेब केला, तरीही भाजपच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्यांच्या बळावर अध्यक्षपदासाठीचे पूर्ण बहुमत उभे राहत नव्हते. उरलेले बळ इतर चिन्हांवर निवडून आलेल्या सदस्यांकडूनच येणे शक्य होते. दोन निवडणुकांत मतदारांनी जे दिले, त्यात या बहुमताचा उगम सापडत नाही.

महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अनर्हतेसंबंधीचा अधिनियम १९८६ पासून आहे. पक्षादेश मोडणाऱ्या जिल्हा परिषद सदस्याचे सदस्यत्व त्याखाली जाऊ शकते. इंग्लंडमध्ये असा कायदा नाही. तेथील सदस्य पक्ष सोडतो, दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो आणि पुढच्या निवडणुकीत मतदार काय तो हिशेब करतात. आपल्याकडे कायदा आहे. पण त्याच्या कार्यवाहीला लागणारा काळ आणि अध्यक्षपदाची अडीच वर्षांची मुदत यांची शर्यत लागली, तर ती बहुधा मुदतच जिंकते. कायदा नसलेल्या इंग्लंडमध्ये आणि कायदा असलेल्या नंदुरबारमध्ये मतदाराची स्थिती याबाबतीत फारशी वेगळी राहत नाही, हे मान्य करावे लागते.

यात पणाला काय लागले आहे, हेही पाहिले पाहिजे. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते, लघुपाटबंधारे ही कामे आहेत. बालकांचे कुपोषण व माताआरोग्य हे ज्या जिल्ह्याचे सर्वांत जिव्हाळ्याचे प्रश्न, तेथे ही कामे दुय्यम मानता येणार नाहीत. दुसरीकडे, आश्रमशाळा व आदिवासी योजनांचा मोठा निधी आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार व तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांमार्फत खर्च होतो आणि जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात. म्हणजे परिषद ज्या पक्षाकडे, त्याला मंत्रालयातील खात्याशी जुळवून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. २०२० मध्ये आदिवासी विकास खाते काँग्रेसकडे होते आणि अध्यक्षपद काँग्रेसकडे गेले. २०२२ मध्ये खाते डॉ. गावितांकडे आले आणि अडीच महिन्यांच्या आत अध्यक्षपदही त्यांच्या घरी आले. हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. सदस्याच्या बाजूने विचार केला, तर त्याला आपल्या गटात रस्ता किंवा शाळाखोली आणायची असते, आणि ती कोठून येते हे त्याला नेमके ठाऊक असते. त्याच्या पक्षांतराला केवळ स्वार्थ म्हणणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा वाटा नगण्य आणि शासनाच्या अनुदानाचा वाटा जवळजवळ सर्व, त्या व्यवस्थेविषयी मग काहीच बोलायचे राहत नाही.

२०२५ नंतर

जानेवारी २०२५ मध्ये परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला व मागास प्रवर्गाच्या आरक्षणाबाबत जुलै २०२२ पूर्वीची स्थिती गृहीत धरण्यास सांगितले. त्यानुसार सोडती निघाल्यावर नंदुरबार जिल्हा परिषदेतील एकूण आरक्षण १०० टक्के झाले. राज्यातील ज्या जिल्हा परिषदांत ही मर्यादा ओलांडली गेली, त्यांच्या यादीत नंदुरबारचे नाव सर्वांत वर होते. २०२५ च्या अखेरीस ५० टक्क्यांचा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला, आणि २०२१ मध्ये चौदा महिन्यांचे सदस्यत्व गमावलेल्या त्या अकरा गटांचा मूळ प्रश्नही त्याबरोबर परत आला : जेथे लोकसंख्येचे वास्तवच मर्यादेपलीकडचे आहे, तेथे मर्यादा कशाच्या आधारे मोजायची?